पेट्रोलच्या टाकीला लाखेचं सील

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. किस्सा जात नाही! चहा आला की कुणीतरी तो पुन्हा तापवतंच. नवीन जालन्यातल्या आमच्या दैनिकाच्या ऑफिसात असे किस्से साचले, त्यातले निम्मे एकाच जुन्या मोटारीचे. ती बातमीपेक्षा जास्त तापायची.

गाडी चालवायचे नामदेवमामा. मालक भाऊसाहेब. आणि भाऊसाहेबांना एकच संशय : मामा पेट्रोल काढून विकतो! पुरावा शून्य. मी तोंडावर म्हणालो, "ही बातमी असती तर मी छापली नसती." पण ऐकतो कोण?

निवडणुकीत त्यांनी मतपेटी सील होताना पाहिली आणि डोक्यात दिवा पेटला. टाकीच्या झाकणावर जाड प्लास्टिक, त्यावर सुतळी, गाठीवर लाख, लाखेवर स्वतःच्या अंगठीचा ठसा!

मामा मला म्हणाले, "साहेब, आता मी गाडी न्हाई, मतपेटी चालवून राह्यलो."

त्याच महिन्यात भाऊसाहेबांनी गाडीच्या तोंडावर पत्र्याची पाटी ठोकली. दैनिकाचं नाव, खाली 'निर्भीड'. पाटी एवढी मोठी की गाडी मागून आली तरी लोक आधी पाटीलाच वाट द्यायचे.

* * *

तेव्हापासून गाडी बिघडली. कधी पंधरा, कधी पन्नास किलोमीटर बरी धावायची, मग आचके देत मरायची. वर इंजिनातून वाफ!

मामा उतरायचे, सील तोडून टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचे. पेट्रोल असायचं. झाकण लावून स्टार्टर मारला की गाडी चालू! ऑफिसात परत आलं की भाऊसाहेब तुटलेलं सील हातात घेऊन उभे.

"गाडी बंद पडल्ती, मालक."

"बराबर सील तोडायच्या वेळेलाच पडते?"

* * *

गॅरेजवाल्या सलीमने प्लग बदलले, पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. बोनेटखाली वाकायला आड येते म्हणून पाटी काढून ठेवायचा, सील भाऊसाहेब स्वतः काढून द्यायचे. ट्रायलला गाडी हरणासारखी!

शेवटी तो वैतागला. "इसको नजर लगी है, साहब." त्याने पाटीमागे, रेडिएटरच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली.

दोन फेऱ्यांत लिंबू उकडलं!

* * *

एकदा अंबडला पत्रकार परिषद होती. गाडी वाटेत बसली. मी आणि मामा ढकलतोय, घामाने निथळतोय. त्याच आठवड्यात मी एसटीच्या खटारा गाड्यांना अग्रलेखात झोडपून काढलं होतं.

मागून एसटी आली, हळू झाली. कंडक्टर दारातून वाकला. "पत्रकारसाहेब, खटारा हाय. बसता का?"

बसलो! तिकीटही काढलं.

* * *

मग भाऊसाहेब सहकुटुंब जांब समर्थला गेले. स्वतः गाडीत असताना सील कशाला? आणि वहिनी म्हणाल्या, "देवाच्या दारी जाहिरात नको," म्हणून पाटीही उतरवली. जाऊन आले, गाडीने हूं की चूं केलं नाही.

परत आल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "गाडी फुलासारखी आहे! खोट ड्रायव्हरमध्ये आहे. आता एक सील तुटलं की घरी बसायचं."

मामांचा चेहरा उतरला. "साहेब, ही नौकरी गेली तर या वयात दुसरा कोन घेनार मला?"

माझं डोकं फिरलं. मी भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. "सील लावा, पाटी लावा, आणि तुम्ही बसा! शहागडपर्यंत."

* * *

बसले. मागे ते, पुढे मी. शहागडच्या अलीकडे, गोदावरीचा पूल दिसायला लागला आणि गाडीने आचका दिला. बोनेटवर वाफ. बंद!

मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मालक, आता झाकणाला म्या हात लावनार न्हाई. तुमीच तोडा."

भाऊसाहेब उतरले. स्वतःच्या अंगठीचा ठसा स्वतःच्या नखांनी उकरला. झाकण फिरवलं आणि टाकीने असा दीर्घ श्वास आत ओढला की ते दचकून मागे सरले. फुस्सऽऽ!

मी ओरडलोच, "टाकीचा गळा आवळलाय तुम्ही! प्लास्टिकने झाकणाचं भोक बुजलंय, हवा आत जात नाही, तर पेट्रोल बाहेर कसं येणार? आणि ही पाटी! इंजिनाला वारा कुठून लागणार? जांबला जाताना यातलं काय होतं?"

भाऊसाहेब इंजिन निवेपर्यंत रस्त्याकडेला उभे राहिले. मग मामांकडून पाना मागून घेतला आणि पाटी आपल्या हाताने सोडवली. डिकीत मावेना, म्हणून मांडीवर घेतली.

परतीला गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. स्टेशन रोडवर रिक्षावाले खिडकीत वाकून वाचत होते : मालकांच्या मांडीवर, 'निर्भीड'.

ऑफिसपुढे मामांनी उतरून अदबीने मागचं दार उघडलं.

"मालक, लाख वितळायला ठेवू का?"