मावशीने यूपीएसला बोलतं केलं

माझ्या मावशीने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले, आता आराम कर. आठवड्याभरात ती आरामाला कंटाळली आणि वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बिनपगारी रुजू झाली. तिथे अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. खोली एवढीशी. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर जाड पांघरूण, टेबलावर मायक्रोफोन आणि शेजारी माझ्या ऑफिसने भंगारात काढलेला, मी विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलेला कॉम्प्युटर.

वाचणाऱ्यांत तिचा जीव मास्तरांवर. पंचाहत्तरीचे गृहस्थ, जन्मभर इतिहास शिकवलेला. आवाज असा, की तहाची कलमं वाचली तरी गोष्ट वाटावी. पण छाती अधू. पंधरा मिनिटं वाचलं की दम लागायचा, मग पाण्याचा घोट, मग पुढचं पान. एका जाडजूड प्रवासवर्णनाचं नववं प्रकरण त्यांनी असं तीन दिवस पुरवून पुरवून वाचलं आणि शेवटच्या पानावर लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल काही केल्या उघडेना.

"असू द्या बाई, पुन्हा वाचतो," मास्तर म्हणाले. पण जिना उतरताना ते दोनदा थांबले. ते थांबणं मावशीच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिने यूपीएस आणून जोडला. आता निर्धास्त, असं तिला वाटलं. दहा दिवसांनी ती मास्तरांना धरून खाली सोडायला गेली. रेकॉर्डिंग थांबवायचं राहिलं आणि नेमकी लाइट गेली. ती वर येईपर्यंत यूपीएस पीं-पीं करून केव्हाच गतप्राण झाला होता. प्रकरण पुन्हा पाण्यात.

तिने मला फोन लावला. "तुमचा यूपीएस म्हणजे नुसता रडका आहे!"

"अगं, दहा मिनिटंच तग धरतो तो. तेवढ्यात कॉम्प्युटर नीट बंद करायचा असतो."

"मी जिन्यात होते. त्याला स्वतःहून कळत नाही?"

"कसं कळणार? त्याला वीज मिळतेच आहे ना यूपीएसकडून!"

"म्हणजे घंटा वाजतेय आणि फोन उचलायला कुणी नाही."

"अगदी तसंच. खोक्यात एक वायर असेल बघ, एक टोक चौकोनी."

"ती? ती अजून गुंडाळलेलीच आहे. मला वाटलं, जास्तीची दिली."

तिने ती यूएसबी वायर लगेच यूपीएस आणि कॉम्प्युटरमध्ये जोडून टाकली. रविवारी सकाळी आम्ही दोघी फोनवर बसलो. ती वाचनालयात, मी माझ्या गावी. मी एकेक कमांड सांगायची, ती वहीत उतरवून मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायची. "डॅश म्हणजे आडवी रेघ ना? मग रेघ म्हण की!" यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसला, त्याच्या फाइलीत यूपीएसचं नाव लिहून झालं. सुरू केला तर उत्तर आलं : परवानगी नाही. मी तीनदा फाइल बदलायला लावली. परवानगी नाही ती नाहीच. माझ्या नाकी नऊ आले.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "वायर काढून परत लावू? एक्स्चेंजमध्ये आम्ही मिस्त्रीला बोलवायच्या आधी तेच करायचो."

मी हसणार, तोवर तिने ते केलंसुद्धा. आणि चाललं! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला : परवानगी मिळते ती वायर लावण्याच्या क्षणी, आणि तिची वायर प्रोग्रामच्या आधीपासून लावलेली होती. एवढी कॉम्प्युटर शिकलेली मी, पण तोंडात मारल्यासारखं झालं.

"इथे ओ आणि एल अशी दोन अक्षरं आलीत."

"म्हणजे ऑन लाइन. लाइट आहे."

"लाइनवर आहे म्हण की सरळ!" ती खूश.

लाइट जाऊन दोन मिनिटं झाली, की रेकॉर्डिंग थांबवून जपून ठेवायचं आणि कॉम्प्युटर बंद करायचा, एवढं मी प्रोग्रामसाठी लिहून दिलं. परीक्षा घ्यायला मास्तरच पुढे आले. "मी वाचतो, तुम्ही प्लग काढा." यूपीएस पीं-पीं करू लागला तसा मास्तरांनी आवाज चढवला. दोन मिनिटांनी पडदा काळा झाला. पुन्हा सुरू करून फाइल उघडली तर अख्खं वाचन जसंच्या तसं, आणि शेवटी मास्तरांचाच प्रश्न : "झालं का हो, बाई?" मावशीचा जीव भांड्यात पडला.

पुस्तक पुरं व्हायला चार महिने लागले. त्यात सहा वेळा लाइट गेली, पण एकही पान वाया गेलं नाही. एका दुपारी मात्र लाइट गेल्यावर वाक्य अर्ध्यावर असतानाच कॉम्प्युटर बंद झाला. मावशीने उजेडासाठी खिडकीवरचं पांघरूण काढलं. मास्तर वाचतच होते.

"अहो मास्तर, बंद झालंय ते."

"दिसतंय मला. तुम्ही आहात ना?"

तिने खुर्ची जवळ ओढली. प्रकरण संपेपर्यंत मास्तर एकदाही पाण्यासाठी थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेवढा भाग पुन्हा वाचून रेकॉर्ड केला. "कालचं जास्त छान झालं होतं," मावशी म्हणाली.

मास्तर हसले, मग खोकले, मग म्हणाले, "कालचं तुमच्यासाठी होतं."

हे तिने मला फोनवर सांगितलं, आणि लगेच विचारलं, यूपीएसची बॅटरी किती वर्षांनी बदलायची असते.