सात पिढ्यांचं रान

बनाबाई जन्मली तीच मेंढरांमागं, वाटेवर. साठी उलटली तरी दरवर्षी दिवाळीनंतर कवठे महांकाळचं घर सोडून ती चालतेच. यंदा उंब्रजला उदयसिंहाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, तर हा माजी फौजी चारचौघांत म्हणाला, "तुमा लोकांना ठावठिकाणाच न्हाई. आमी सात पिढ्या जागचं हललो न्हाई."

बनाबाई उसळली. कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं तिला जमिनीचं सगळं सांगितलं होतं.

"आवं, तुमच्या रानासकट समदा देश वरसाला तीन बोटं उत्तरंला सरकतोय. तुमी पहारा दिला त्यो हिमालय त्याच रेट्यानं वर उठलाय. मी दरसाल माघारी घरला जाती. तुमचं रान सात पिढ्यांत एकदा तरी माघारी आलंय का?"