नवी ज्वारी आणि अभयारण्याचं फाटक

सोमवारी सकाळी चार ट्रक आले. दुपारी गाव ट्रकमध्ये होतं. संध्याकाळी आम्ही पांढरकवड्याजवळच्या वसाहतीत उतरलो.

आमचं गाव अभयारण्यात येत होतं. म्हणजे गाव आधीचं आणि अभयारण्य नंतरचं. पण कागदावर आत घुसलेले आम्हीच. गाव उठण्याआधी महिनाभर एक बाबू याद्या करत फिरला. तुमचं काय काय आहे ते सांगा, म्हणायचा. लोकांनी घरं सांगितली, विहिरी सांगितल्या, मोहाची झाडं हात लावून दाखवली. एकाने कोंबड्यांचं खुराडंही लिहून घ्यायला लावलं. मसणवट्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. आम्ही गोंड. मेलेल्याला पुरतो आणि वर दगड उभा करतो. पण तो दगड माझा, असं कोण म्हणेल? मेलेली माणसं कुणाच्या मालकीची नसतात, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की ते बाबूला सांगायचं सुचलंच नाही. माझे वडील तिथेच राहिले. गावात बारावी झालेला मी एकटा. त्या याद्या लोकांना मीच वाचून दाखवल्या आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. पांढरकवड्याच्या लॉजवर तेव्हा शहरांतले पत्रकार उतरत आणि खेड्यांत जाऊन, मागे राहिलेल्या बाईला पदर नीट घ्यायला सांगून, तिचा फोटो काढत. पुढे बायकांच्या फोटोंचा कंटाळा आला आणि जंगलात वाघ वाढले. त्याच लॉजला नवा रंग लागला, पाटीवर वाघाचा जबडा आला. हायवेवर ट्रक मोजत बसलेले लोक एका हंगामात निसर्गप्रेमी झाले. दहा मैलांवर मेलेल्या माणसांची नावं ज्या गावाला ठाऊक नव्हती, त्याला वाघिणींची लाडाची नावं तोंडपाठ झाली.

मी नागपूरला गेलो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणू लागलो. गुळगुळीत कागदाची जंगलावरची पुस्तकं येतात, त्यांना क्रमांक देतो. तिथे पूर्वी मानवी वस्ती असल्याचं त्यांत एखाद्या ओळीत येतं. मानवी म्हणतात, एवढे त्यांचे उपकार.

माय वसाहतीतच राहिली. सगळ्यांनी बांधापर्यंत कापूस लावला. तिने कडेला चार ओळी ज्वारी ठेवली. नवं धान्य वडिलांच्या दगडाला दाखवल्याशिवाय ती तोंडात घालत नसे. आधी ओळखीचा चौकीदार तिला आत सोडायचा. मग सफारी सुरू झाली, फाटक बसलं आणि चौकीदार बदलला. तेव्हापासून तिची ज्वारी पोत्यात पडून राही. “तुह्या बापाच्या आधी मी खाऊ काय?” एवढंच म्हणायची आणि रेशनच्या गव्हाची पोळी खायची.

शेवटी मी सफारीचं तिकीट काढलं. नवऱ्याला भेटायला तिकीट. जिप्सीत पुण्याचं एक जोडपं होतं, दुर्बिणीसकट. गाइड आमच्याच वसाहतीतला रामदास, माझ्या वयाचा. जुन्या गावाच्या जागेवर गाडी थांबवून तो पुस्तकी मराठीत म्हणाला, “इथे आपल्याला प्राचीन वस्तीचे अवशेष दिसतात.”

“प्राचीन?” माय म्हणाली. “लेका, तुह्या बारशाच्या घुगऱ्या म्या वाटल्या इथं.”

पाहुणे हसले. बाईंनी विचारलं, “आजी, इथे राहायला वाघाची भीती नाही वाटायची?”

“वाघ कधी यादी कराले नाही आला, बाई.”

वडिलांचा दगड वीस पावलांवर दिसत होता. माय पदरातली ज्वारी धरून उभी राहिली. “रामदास, मले उतरव.”

“काकी, उतरता येत नाही इथं. माही नोकरी जाईन.”

“मंग तू नेऊन ठेव.”

“मलेही नाही येत नं उतरता, काकी. बस तू.”

तेवढ्यात पलीकडे चितळ ओरडलं, म्हणजे वाघ जवळ असल्याची खूण. “कॉल! चला, चला!” पाहुणे म्हणाले आणि ड्रायव्हरने गाडी काढली. रामदासने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही गाडी थांबवा म्हणालो नाही. शिकलेल्या माणसाला अशा वेळी नियम आठवतात. माय बसली. वाघ दिसला. फार छान दिसला, असं पाहुणे परत येईपर्यंत सांगत होते.

ती ज्वारी तिने खाल्ली नाही. पुढचं पीक यायच्या आत ती गेली. वसाहतीमागच्या पडीक जागेत आम्ही तिला पुरलं.

आमच्या गावातले जे वसाहतीत राहिलेत आणि जे माझ्यासारखे निघून गेलेत, ते मला घराबद्दल विचारतात. वडील कुंपणाच्या आत आहेत, माय बाहेर आहे. मी नागपूरला असतो. नवी ज्वारी दुकानातून आणतो आणि कुणालाही न दाखवता खातो.