एका कार्डाच्या किमतीत दोन

घरात दोन कॉम्प्युटर होते आणि दोन्ही भंगाराच्या जरासेच अलीकडचे. वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. तिथल्या ऑफिसने जुनी मशिनं काढली तेव्हा त्यांनी दोन स्वस्तात आणली, एक मला, एक धाकट्या भावाला. पण गाड्यांच्या रेसचा गेम लावला की चित्र अडखळायचं. मग दोघांनी साठवलेले पैसे एकत्र केले आणि ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "या एका भारी कार्डाच्या पैशात मधली दोन येतात. दोन्ही कॉम्प्युटरांच्या मध्ये वायर टाका, दोघं समोरासमोर खेळा."

मी तेव्हा भलताच शहाणा! म्हटलं, "दोन मरतुकडे बैल घेण्यापेक्षा एक घोडा बरा." धाकटा एवढंच म्हणाला, "घे दादा. आळीपाळीने खेळू."

कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसलं. आळीपाळी कसली डोंबलाची! "ही एकच रेस," म्हणत मी खुर्ची सोडायचो नाही. तो शेजारी स्टुलावर बसून ओरडायचा, "डावीकडे, दादा, डावीकडे!" त्याने पाळी मागितली की मी खेकसायचो. आज त्या खेकसण्याची लाज वाटते. बरं, त्या घोड्याची निम्मी ताकद आमच्या जुनाट मॉनिटरवर दिसतसुद्धा नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला वडिलांनी आपल्या मायक्रोमीटरला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "आपापली हत्यारं पुजा रे." आईने शिलाई मशीन पुजलं. मी माझ्या कॉम्प्युटरवर झेंडू ठेवला. धाकट्याने स्टूल ओढलं, पुसलं, कुंकू लावलं आणि वर फूल ठेवलं.

"अरे, हे काय खूळ?" वडील म्हणाले.

"वर्षभर यावरच बसलोय ना मी."

त्यात टोमणा नव्हता, तो मनापासून बोलला होता. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसऱ्याला सकाळीच मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, "आजपासून तू." पहिल्याच वळणाला त्याची गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. वळण त्याला दिसायचं, पण बोटं वळत नव्हती.

तो उठला, स्टुलावरचं फूल अलगद बाजूला ठेवलं आणि बसला.

"तूच खेळ, दादा. मी सांगतो कुठं वळायचं ते."