गोल्फ कोर्सला काकांची उपसूचना

माझ्या घरमालकिणीच्या सासऱ्यांना पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तिथली जिल्हा परिषद हुडकून काढतील आणि पुढच्या सभेला पहिल्या रांगेत बसलेले दिसतील. विदर्भातल्या एका जिल्हा परिषदेत उभा जन्म नोकरी करून ते कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पण ही निवृत्ती फक्त परिषदेला कळली, काकांना ती कोणी कळवलीच नाही. नॉर्थ कॅरोलायनात मुलाकडे कायमचे राहायला आले, तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथली झेडपी कुठे भरते?" मुलगा म्हणाला, "बाबा, इथे झेडपी नसते, काउंटी असते." काका म्हणाले, "नाव काही ठेवू दे ना. बगिचे कोण सांभाळते? पाण्याची लाइन कोण टाकते? मग झालं तर!" पुढे मुलाने हौसेने त्यांना नायगारा दाखवायला नेलं. सगळे तोंडाचा आ करून पाणी बघत होते आणि काका कठड्यावर हात फिरवून विचारत होते, "याची देखभाल कोणत्या खात्याकडे आहे?"

त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत मी भाड्याने राहतो, त्यामुळे काका मला रोजच्या रोज आणि भरपूर मिळाले. त्यांच्या तोंडी सर्वांत लाडका शब्द म्हणजे उपसूचना. कुठल्याही गोष्टीला "नाही" म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. सुनेने जाहीर केलं की आज स्वयंपाक नाही, पिझ्झा मागवते, की काका वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणणार, "मूळ ठरावाला पाठिंबा. उपसूचना अशी की अर्ध्या भागावर हिरवी मिरची असावी." मग इकडेतिकडे बघून, कोणी अनुमोदन देत नाही असं दिसलं की स्वतःच हात वर करणार. त्यावर त्यांची नात कपाळाला हात लावून म्हणते, "आजोबा, यू कान्ट सेकंड युवर ओन थिंग!" काका तिला समजावतात की सभागृहात गणपूर्ती नसेल तर अधीक्षकाला थोडं सांभाळून घ्यावं लागतं. एकदा कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, तर तिच्यातही लाल पेनाने दोन दुरुस्त्या करून त्यांनी ती यजमानांना परत पाठवली होती. यजमान रागावले; मग त्यांच्या लक्षात आलं की लग्नाचा वार खरोखरच चुकला होता.

काउंटीच्या सभेला जायचा त्यांचा थाट तर बघण्यासारखा. अंगात मुलाच्या लग्नात शिवलेला कोट, पायात सुनेने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, खिशात तीन पेनं. सभा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी ते हजर. सुरुवातीला लोकांना वाटलं, हे परदेशी वार्ताहर असावेत. मग वाटलं, कोणीतरी सरकारी तपासनीस असावेत. शेवटी लक्षात आलं की या माणसाला सभा आवडतात, एवढंच. सांडपाण्याच्या नळाचा ठराव मंजूर झाला की काका असे तृप्त होऊन मान डोलवत, जणू गवयाने समेवर आणून सोडलं. अध्यक्षीणबाईंना ते "मॅडम प्रेसिडेंट" म्हणत. बाईंनी एकदा सांगून पाहिलं की मी प्रेसिडेंट नाही. काका म्हणाले, "इन धिस हॉल, मॅडम, यू आर." तेव्हापासून बाईंनी हरकत घेतलेली नाही.

आता मुख्य विषय. आमच्या वस्तीला लागून तंबाखूचं एक जुनं, पडीक शेत होतं. मध्ये तळं, आणि तळ्याभोवती माणसांच्या चालण्याने पडलेली मातीची वाट. ही वाट म्हणजे इथल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं जग होतं, हे आधी नीट समजून घ्या. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नातवंडं शाळेत. घर राजवाड्याएवढं, आणि त्यातला राजा नजरकैदेत. गाडी चालवता येत नाही, मोठ्या रस्त्याला फुटपाथ नाही, बस या भागात येत नाही. कोणाच्या उपकाराशिवाय, कोणाला "सोडतोस का रे?" न विचारता, आपल्या पायांनी जाऊन आपल्या भाषेत बोलता येईल अशी एकच जागा. तिथे सकाळी नागपूरच्या एक काकू गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काठी टेकत यायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे, पण कुठे ते सांगितलं नव्हतं. ते काकांनी सांगितलं." आणि या जमिनीवर काउंटीने सार्वजनिक गोल्फ कोर्स बांधायचं ठरवलं. जमीन काउंटीची, कर्जरोखे काउंटीचे, फेडणार सगळे करदाते. आणि आराखड्यात चारही बाजूंनी कुंपण, कारण चेंडू लागून कोणी जखमी व्हायला नको. वाट गेली.

माझं रक्त तापलं. वडील चळवळीतले, त्यामुळे मी पत्रकांच्या घरात वाढलो. आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबर पत्रक मिळायचं, आणि दुमडलेल्या कागदाची घडी सरळ आली की वडील पाठ थोपटायचे. मी बसलो आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: मूठभरांच्या खेळासाठी सर्वांची जमीन! हा डाव हाणून पाडा! काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"मजकूर जोरदार आहे बाबू," ते म्हणाले. "पण मागणी कुठे आहे?"

"आहे ना, हाणून पाडा!"

"तो राग झाला. रागावर सही कोण करीन? आणि गोल्फनं तुझं काय घोडं मारलं? आमच्या झेडपीनं कुस्तीचा आखाडा बांधला होता, तेव्हा मी काय कुस्ती खेळत होतो? खेळू दे की लोकांना. खासगी क्लबात ज्याला कोणी उभं करत नाही, तो इथे येऊन खेळीन. वाईट आहे का?"

"मग काय करायचं, काका?"

"काय म्हणजे? उपसूचना!"

मला कबूल करायला जड गेलं, पण म्हातारा बरोबर होता. सार्वजनिक या शब्दासाठी भांडायचं तर तो शब्द आधी खरा मानायला हवा. कोर्स होऊ दे. त्याच्या कडेने, झाडांच्या पलीकडून, सगळ्यांना चालायची वाट असू दे. मी पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. शीर्षक काकांनी दिलं, इंग्रजीत, थेट: पब्लिक मनी, पब्लिक लेग्ज. मी म्हणालो, लेग्ज बरं दिसत नाही. काका म्हणाले, "मग चालणार कशानं?"

जनसुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. काकांनी त्यातलं एक मिनिट सर्वांना नमस्कार करण्यात घालवलं. उरलेल्या वेळात ते म्हणाले की मॅडम प्रेसिडेंट, गोल्फर चार तास चालतो आणि त्याला खेळ म्हणतात. आमच्या बाया एक तास चालतात, त्याला औषध म्हणतात. दोघांनाही एकाच जमिनीवर चालू द्या. टाळ्या पडल्या. मग बो-टाय लावलेल्या एका सभासदाने घसा साफ करून सांगितलं की चालण्याच्या वाटेचा विषय टेबल करावा. दुसऱ्याने अनुमोदन दिलं, सगळ्यांनी "आय" म्हणून होकार दिला, आणि काका आनंदाने ताडकन उभे राहिले. त्यांनी जाऊन त्या बो-टायवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. तो बिचारा इतका गोंधळला की "यू आर वेलकम" म्हणाला.

घोटाळा असा होता की आपल्याकडच्या कचेरीतल्या इंग्रजीत विषय टेबल करणं म्हणजे तो सभेपुढे ठेवणं. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलटा: बाजूला ठेवणं, बासनात गुंडाळणं. मलाही ते माहीत नव्हतं. घरी आल्यावर काकांनी सुनेला शिरा करायला लावला आणि फोनवर फोन सुरू केले, "विषय टेबलावर आला! सर्वांनी पुढच्या सभेला हजर राहायचं, गणपूर्ती पाहिजे!" सून इथल्या ऑफिसात वर्षानुवर्षं मीटिंगा करते. ती हातात झारा घेऊन गॅरेजपाशी आली आणि कुजबुजली, "अरे, टेबल केलं म्हणजे मारलं त्यांनी ते. संपलं. तू सांग बाबांना."

"मी? सासरे तुमचे आहेत."

"पत्रक तुझं आहे!"

आम्ही दोघं हिय्या करून आत गेलो. काका नागपूरच्या काकूंना फोनवर सांगत होते, "काठी घेऊनच या. काठी दिसली पाहिजे सभागृहाला." त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. आम्ही शिरा खाल्ला आणि परत आलो.

पुढच्या सभेला काउंटीने आयुष्यात पाहिली नसेल अशी गर्दी झाली. मुलांनी, सुनांनी अर्धी रजा टाकून आपापल्या आईवडिलांना गाडीतून आणलं होतं. नऊवारीवर स्नीकर्स, धोतरावर जॅकेट, कानटोप्या, काठ्या. तमिळ आजोबा, गुजराती बा, आणि यांना बघून कुतूहलाने आत आलेले दोन गोरे गोल्फरसुद्धा. खुर्च्या संपल्या. अध्यक्षीणबाईंनी कामकाजपत्रिका खालीवर पाहिली आणि नम्रपणे म्हणाल्या, "सर, तुमचा विषय आज नाही. तो टेबल केलेला आहे."

"येस मॅडम!" काका आनंदाने म्हणाले. "टेबल केला, म्हणूनच आम्ही आलो."

बाईंनी पत्रिका खाली ठेवली. मग त्यांनी फार हळुवारपणे, आजारी माणसाला रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं की टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं.

सुनेने माझा दंड घट्ट धरला. काकांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्यासमोरच्या लांबलचक, चकचकीत लाकडी टेबलाकडे पाहिलं. आणि त्यांनी खऱ्याखुऱ्या जिज्ञासेने विचारलं, "देन मॅडम, व्हॉट इज द टेबल फॉर?"

आधी ते दोन गोल्फर हसले. मग मागची रांग, मग भिंतीला टेकून उभे असलेले, मग खुद्द अध्यक्षीणबाई. काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या ऑफिसात जे टेबलावर असतं ते चहाच्या आधी संपवतात. ही माणसं उभी आहेत. या वयात उभं राहणं सोपं नाही." आणि हसू विझलं. नागपूरच्या काकूंची काठी फरशीवर एकदा टकटकली. त्यांनी ती मुद्दाम आपटली की आपोआप, हे त्या आजही सांगत नाहीत. एक गोल्फर उठून म्हणाला की मी आयुष्यभर खेळतोय, कडेने माणसं चाललेली मला चालतील, माझी आई असती तर तीही चालली असती. आणि मग तोच बो-टायवाला सभासद, लाल झालेला, म्हणाला की विषय टेबलावरून उचलून चर्चेला घ्यावा.

उद्यान खात्याच्या अभियंत्याने नकाशावर बोट फिरवून दाखवलं: कुंपण थोडं आत घेतलं, दोन ठिकाणी जाळी लावली, तर पाइनच्या झाडांमागून तळ्याला पूर्ण वळसा घालता येतो. मतदान झालं. एक सोडून सगळे हात वर गेले. आमच्या लोकांनी सभागृहाचा मान वगैरे बाजूला ठेवून जो जल्लोष केला, तो मी अजून कानात जपून ठेवला आहे. मी एका मतावर चरफडत होतो, तर काका म्हणाले, "असू दे रे पत्रकवाल्या. एक विरोध नोंदलेला बरा असतो. इतिवृत्त खरं वाटते." मी लहानपणापासून विजय हा शब्द उद्गारचिन्हासकट लिहीत आलो होतो. खरा विजय पहिल्यांदा पाहिला तो असा: पार्किंगमध्ये म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, आणि कोणाची मुलं कुठल्या गाडीत हे कोणालाच सापडत नव्हतं.

कोर्स झाला, वाटही झाली. हिरवळीच्या कडेने, पाइनच्या सावलीतून, डांबरी, रुंद, कोणालाही मज्जाव नसलेली. सकाळी एका बाजूला चेंडू उडतात आणि दुसऱ्या बाजूला सुनांची गाऱ्हाणी. गोल्फर टोपी उचलतात, बाया हात जोडतात. व्हिसाचे सहा महिने संपले की काही चेहरे परत जातात, नवे येतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं जातं की ही वाट आपली आहे.

यंदा काकांना लवकर दम लागतो. ते वाटेच्या तोंडाशी पहिल्या बाकापर्यंत येतात आणि बसतात. परवा मी त्यांच्याजवळ बसायला लागलो, तर त्यांनी मला हाताने उठवलं. "जा, एक फेरी मारून ये. तळ्याच्या मागं पाणी साचते का पाहा. कोणी कोणी आलं आहे, ते पण पाहा." मी निघालो. तळ्यामागची वाट कोरडी होती, नागपूरच्या काकू काठीशिवाय चालत होत्या, एक नवं जोडपं नकाशाच्या पाटीसमोर उभं राहून आपण कुठे आहोत ते शोधत होतं. ही वाट मी एरवी झपाझप संपवतो. त्या दिवशी मात्र सावकाश चाललो, दोन्हीकडे नीट बघत, परत जाऊन काकांना सांगायला पुष्कळ असावं म्हणून.