तोफेवरचा ताईत

बांगलादेशच्या लढाईनंतर दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला तो नवरात्रात. तो तोफखान्यात होता. संकठा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत त्याला कुणी घरी टिकूच देईना. रामनगरची रामलीला बघून परतणारेही त्याला चहाला बसवून घ्यायचे आणि चहाच्या बदल्यात लढाई मागायचे. मला त्या लोकांचा मनस्वी राग यायचा. पण कान माझेही तिकडेच असत.

तो एकच प्रसंग सांगे. आमच्या तोफा नदीपलीकडे अडकल्या होत्या. अलीकडच्या काठावर शत्रू एक तोफ गोळ्यांच्या पेट्यांसकट टाकून पळाला होता. दादाच्या तुकडीने ती शत्रूकडे फिरवली. काही घातपात असेल म्हणून पहिला गोळा लांबून, दोरी ओढून उडवला. तो नीट गेला. मग पेट्या संपेपर्यंत त्यांचेच गोळे त्यांच्यावर.

"मियाँ की जूती, मियाँ के सर," शेजारचे पंडितजी मांडीवर थाप मारून म्हणत. सगळे हसत. दादा हसत नसे. घरी आला की न जेवता पडून राही.

खंडेनवमीला आईने पाटावर विळी, अडकित्ता, बाबांची लेखणी मांडली. दादाची तोफ कुठून आणणार, म्हणून तिने पाटापुढे रांगोळीची तोफ काढली. ती अगदी बैलगाडी दिसत होती, आणि मी तसं बोललेही. आई हसली नाही. दसरा झाला की दादा पलटणीत परत जाणार होता. तो पुन्हा धडधाकट घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"कुंकू वाहा रे तिला. वर्षभर तुला सांभाळील."

दादाने कुंकवात बोट बुडवलं आणि तसाच थांबला.

"आई, त्या तोफेला ताईत बांधला होता. हिरव्या कापडात शिवलेला. कुणाच्या तरी आईनंच दिला असेल. बाकीचे म्हणाले, तोडून फेक. मला धीर झाला नाही. तो तसाच ठेवून आम्ही गोळे टाकत राहिलो."

"मग?"

"मग काही नाही. तोफेला त्याचं काहीच नव्हतं ग. आमच्या हाती आली, आमची झाली."

सणाच्या दिवशी असलं बोलतो म्हणून आई चिडेल, असं मला वाटलं. तिने नुसतं त्याचं लाल बोट पदराने पुसलं.

"मग तुला सांभाळणार कोण रे?"

मला रडू आलं, कारण तिला खरंच उत्तर हवं होतं.