आमच्यातला फितूर

मी मुळातच संशयी. कुणी न मागता चहा पाजला तर याचं आपल्याकडे काय काम असेल, हेच आधी मनात येतं. त्यामुळे कॉलेजात सगळे माझ्यावर संशय घ्यायला लागले, तेव्हा ते मला लवकरच कळलं.

आम्ही जुन्नरचे मुसलमान. अब्बांचं बाजारात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. कॉलेजसाठी मी मंचरला मामूंकडे राहायचे. मामू शिंपी. एसटी स्टँडला लागूनच त्यांचं दुकान, आणि ड्रायव्हर-कंडक्टरांची खाकी कापडं त्यांच्याकडेच शिवायला यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेच मला पुढे भोवलं.

भानगड बसची होती. तळेघरला जाणारी संध्याकाळची बस बंद झाली. माझी मैत्रीण तिथली, वर्गात माझ्या शेजारी बसायची. प्रॅक्टिकल संपवून निघालं तर तिला अर्ध्या वाटेपर्यंतच गाडी मिळायची, पुढे अंधारात डोंगरातनं चालणं. तिच्या भावानं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत बस लागली नाही तर कॉलेज बंद. आम्ही अर्ज केले, स्टँडवरच्या कंट्रोलरनं हो हो म्हटलं, आणि झालं काहीच नाही.

त्याच सुमाराला इतिहासाच्या मॅडमनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं शिकवलं. फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलात ही कॉलेजची पोरं जाऊन बसायची. कुणी खायला द्यायचं नाही, तरी पुस्तक उघडून बसून राहायची. अंगावर काहीबाही ओतलं, शिव्या घातल्या, तरी उलटून बोलायचं नाही. हे आपोआप जमत नाही, म्हणून आधी त्याची तालीम व्हायची. आपल्यातलेच काहीजण गोरे व्हायचे आणि बसलेल्यांना वाट्टेल ते बोलायचे. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. लोणीचा एक मुलगा आमच्यात पुढारी होता. तो म्हणाला, "राव, आपुन पन बसू की. कंट्रोलरच्या दारात."

ठरलं. कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. सोमवारी सकाळी सातआठजण स्टँडवर गेलो, तर कंट्रोलरच्या दारातली बाकडी गायब, आणि तिथं आमचे प्राचार्य उभे. पुढच्या आठवड्यात पुन्हा ठरवलं. त्या दिवशी हवालदार आमच्या आधी येऊन चहा पीत बसलेला.

कुणीतरी आतली बातमी फोडत होतं. मी प्रत्येकाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागले. प्राचार्यांच्या केबिनमधनं कोण निघालं, कुणाचा फोन सारखा वाजतोय. मग लक्षात आलं की मी आले की बाकीच्यांचं बोलणं थांबतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिटपाखरू नाही, पण सगळे ऑनलाइन. म्हणजे दुसरा ग्रुप निघाला होता, मला वगळून.

अमेरिकेतल्यासारखी आमचीही तालीम ठरली. तिला मात्र मला आवर्जून बोलावलं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. रिकाम्या वर्गात मला आणि मैत्रिणीला शेजारी बसवलं, पुढ्यात पुस्तकं. लोणीचा तो मुलगा कंट्रोलर झाला. आधी नेहमीचंच ओरडला, उठा, निघा, तुमच्या बापाचं स्टँड हाय का. मग वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुझा मामू खाकी शिवतो. सांजच्याला समदं तिकडं पोचतं, नाय का? तुमच्या लोकांवर इस्वास ठेवला, हीच आमची चूक."

हे कंट्रोलर बोलत नव्हता, तो स्वतः बोलत होता. आणि नियम असा की मी उत्तर द्यायचं नाही. माझं पित्त खवळलं. मी शेजारी बघितलं. मैत्रिणीनं पुस्तकाचं पान उलटलं. अमेरिकेतल्या त्या पोरांतही कुणी तालमीच्या आडून मनातलं बोलून घेत असेल का, असं मी नंतर मॅडमना विचारलं. "असणारच," त्या म्हणाल्या. "पुस्तकात ते कमी येतं."

घरी येऊन मी मामूंनाही सोडलं नाही. विचारलं, तुम्ही कुणाला काही बोललात का? "मी काय बोलणार? तू घरात तोंड उघडतेस कुठं?" ते म्हणाले. तेही खरंच होतं.

त्यानंतर एका सकाळी मी दुकानात काजं करत बसले होते. तळेघरकडनं आलेला कंडक्टर शर्टाचं बटण लावून घ्यायला आला.

"काय गं, आज पुन्यांदा बसनार व्हय तुमी?"

मला पत्ताच नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगायला कशाला पायजेल? डबे आल्यात की."

खेड्यांवरची मुलं पहाटेच्या गाडीनं यायची, तोवर स्वयंपाक झालेला नसायचा, म्हणून त्यांचे जेवणाचे डबे रोज मागनं सकाळच्या बसनं यायचे. आया ते कंडक्टरच्या हातात द्यायच्या, तो कॉलेजच्या फाट्यावर उतरवायचा. आज ते सगळे स्टँडच्या कट्ट्यावर मांडून ठेवले होते. "समद्या आया बजावत्यात, डबा आज फाट्यावर नको, स्टँडवर ठेव, पोरं तिथंच बसनार हायेत. मागं दोनदा बी तसंच. मी कंट्रोलरलाच इचारलं, सायेब, डबे कुठं ठेवू?"

आईला डब्याचं सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हेच, असं प्रत्येकाला वाटलं होतं. लोणीच्या बसनं आलेल्या डब्याला तर घडी घातलेलं बसकरही बांधलेलं होतं, पोराला फरशी गार लागू नये म्हणून. ज्याचा डबा बसनं येत नव्हता असं आमच्यात एकच माणूस होतं. मी मामींच्या हातचं खायचे.

थोड्या वेळानं ते सगळे आले. मला तिथं उभी बघून लोणीचा म्हणाला, "बघा, आलीच आदी." मी त्याचा डबा बसकरासकट उचलून त्याच्या हातात दिला आणि कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, मगाचं पुन्हा सांगा." त्यानं सांगितलं. लोणीच्याची मान खाली गेली. "चुकलं राव," तो म्हणाला. बाकीचे हसले, मीही हसल्यासारखं केलं. मग सगळेच फरशीवर बसलो, संध्याकाळपर्यंत.

दिवाळीच्या आत बस सुरू झाली. आमच्यामुळे, की निवडणूक जवळ आली होती म्हणून, कुणास ठाऊक. पहिल्या दिवशी मी मैत्रिणीला सोडायला स्टँडवर गेले. ती खिडकीत बसली आणि म्हणाली, "मला पयल्यापासनं ठावं व्हतं, तू नाय सांगितलंस."

"मग त्या दिवशी तालमीत बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. "तुझ्या बाजूनं बोलले असते तर लोणीवाले निघून गेले असते. मग माझ्या गाडीसाठी बसलं कोन असतं?"

मला इतका राग आला की रडू फुटलं. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पुढे ती शिकली, आता डोंगरातल्याच एका शाळेत शिकवते, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. माफ मात्र मी तिला अजून केलेलं नाही.